माळ्यावरचे ड्रिल आणि कुलपातले थ्रीडी प्रिंटर

गेल्या दहा-पंधरा वर्षांत शहरी मध्यमवर्गीय घरात एक नवी वस्तू शिरली आहे. प्लास्टिकच्या पेटीतला ड्रिल किट. पेटी उघडली की एका खाचेत मशीन, शेजारी बिटांची रांग, खाली पकड, पाने, टेप, लेव्हल बॉटल आणि स्क्रूंच्या पुड्या. सणासुदीच्या सेलमध्ये तीन हजारांच्या आतबाहेर मिळतो. आणल्यावर पडद्याच्या रॉडसाठी चार भोके पडतात, फ्रेम लावायला दोन, आणि पेटी माळ्यावर जाते. पुढे तिच्या शेजारी मार्बल कटर येतो, जिगसॉ येते, सुतारकामाचे व्हिडिओ बघून मागवलेला राउटर येतो. घरातले म्हणतात, पैसे फुकट घालवले. घेणारा गप्प बसतो, कारण त्यालाही तसेच वाटत असते.

या माणसाला उधळ्या ठरवून आपण मोकळे होतो, ते मला मान्य नाही. त्याची हौस खरी असते. आयुष्यभर कागद हलवणाऱ्या किंवा पडद्याकडे बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने एखादे स्टूल करावेसे वाटते, ही फार चांगली इच्छा आहे. ती पुरी करायचे जे मार्ग समाजाने त्याच्यासमोर ठेवले आहेत, त्यांत एकच मार्ग सोपा आहे: मशीन विकत घ्या. जागा मिळत नाही, शिकवणारा भेटत नाही, लाकूड धरून ठेवायला टेबल नाही. मशीन मात्र दुसऱ्या दिवशी दारात येते.

राउटरचेच उदाहरण घेऊ. मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे घेणारे हे यंत्र फळीची कड गोल करते, खाच पाडते. पण फळी क्लॅम्पने टेबलाला घट्ट आवळलेली हवी. टेबल जड हवे, डगमगणारे चालत नाही. आणि मशीन कोणत्या दिशेने ढकलायचे हे ठाऊक हवे. बिट ज्या बाजूला फिरते तिकडेच मशीन ढकलले तर ते लाकूड कापण्याऐवजी कडेवरून पळत सुटते, हाताला हिसका बसतो, फळीचा कोपरा उडतो. सुतारांकडे काम करणाऱ्या पोराला हे पहिल्याच दिवशी उस्ताद ओरडून सांगतो. फ्लॅटच्या बाल्कनीत, डायनिंगच्या खुर्चीवर फळी पायाने दाबून धरलेल्या माणसाला सांगायला कोणी नसते. एकदा हिसका बसला की भीती बसते, आणि तीन-चार हजारांचे यंत्र पेटीत परत जाते. त्यात भुसा घरभर, आवाज मजलाभर. दुपारी दोन ते चार शेजाऱ्यांची झोप, रात्री आठनंतर मुलांचा अभ्यास, रविवारी पाहुणे. काम करायचे कधी?

पडून राहिलेले हत्यार जसेच्या तसे राहते अशी समजूत असते. तसे होत नाही. कोकणातल्या एका पावसाळ्यात रंध्याच्या पात्यावर लाल बुरशीसारखा गंज चढतो. गिअरमधले ग्रीस घट्ट होते. बॅटरीवरच्या यंत्रांचे हाल तर याहून वाईट. लिथियम-आयनची बॅटरी वर्ष-दोन वर्षे तशीच ठेवली तर आपोआप उतरत जाते आणि एका मर्यादेखाली गेली की चार्जर तिला घेतच नाही. नवी घ्यायची तर तिची किंमत मशीनच्या किमतीशी स्पर्धा करते, आणि एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. म्हणजे मोटर धडधाकट, चक नवा, आणि तरीही वस्तू भंगारात. हे नुकसान एका घराचे म्हणून सोडून देता येईल. पण दोनशे बिऱ्हाडांच्या संकुलात निम्म्या घरांनी तीन हजारांचा किट घेतला असेल तर तीन लाख रुपये माळ्यांवर पडले. तेवढ्यात एका चांगल्या फिटरला महिना पंचवीस हजार पगार वर्षभर देता येतो. शंभर ड्रिल की एक फिटर, असा प्रश्न मात्र कुठल्याच वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणी विचारत नाही.

घरातल्या पैशांबद्दल इतके पुरे. मला जास्त काळजी सरकारी पैशांची आहे, कारण तिथे नेमकी हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत घडते.

जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांकडून शिलाई मशीन आणि पिठाची गिरणी देण्याच्या योजना वर्षानुवर्षे चालू आहेत. हेतू उत्तम आहे आणि अशा मशीनवर घर उभे केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका घरात दुसरे चित्रही पाहिले. मशीनच्या फळीवर घडी घातलेली जुनी साडी, साडीवर टीव्ही. पायट्याच्या चाकावरचा चामडी पट्टा वाळून तडकलेला. त्या ताई म्हणाल्या, “पट्टा तुटला, तो घालायला तालुक्याला कोण जाणार? आणि शिवायचं कुणाचं? बायका आता तयारच ब्लाउज आणतात. फॉल-पिकोला येतात, पण ते या मशीनवर होत नाही.” या चार वाक्यांत योजनेचे सगळे मूल्यमापन आले. गावाला पिकोचे आणि ओव्हरलॉकचे मशीन हवे होते, एकच असते तरी चालले असते. मिळाली साधी मशीन, घरटी एक. पट्ट्याची किंमत किरकोळ, पण तो बसवणारा माणूस पंचवीस किलोमीटरवर. आणि यादीत नाव येऊन मशीन हातात पडले तेव्हा खात्याच्या लेखी काम संपले होते.

शाळांमध्ये आता अटल टिंकरिंग लॅब आल्या आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून देशभरात सुमारे दहा हजार शाळांना त्या मिळाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० उभारायची घोषणा झाली. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान: दहा लाख उभारणीला, दहा लाख पाच वर्षांच्या खर्चाला. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सोल्डरिंगचे साहित्य, हातहत्यारे. जिथे एखादा धडपड्या शिक्षक आहे तिथे मुले खरोखर काहीतरी घडवतात, डोळ्यांत चमक घेऊन फिरतात. जिथे तो नाही किंवा बदलून गेला, तिथे खोलीला कुलूप आहे. प्रिंटरच्या प्लास्टिक तारेने दमट हवेत ओल धरली, नोझल तुंबले, ते काढून साफ करायला कोणी शिकवलेले नाही. पाहुणे आले की खोली उघडते.

कुलूप का लागते, हे समजून घेतल्याशिवाय शिक्षकाला दोष देणे अन्याय आहे. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. ती हरवली किंवा मोडली तर प्रभारी शिक्षकाला खुलासा द्यावा लागतो, वसुलीची टांगती तलवार असते, आणि ती नोंदीतून काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, वरिष्ठांची मंजुरी. उलट वस्तू दहा वर्षे पेटीत राहिली तर कोणी एक अक्षर विचारत नाही. तपासणीला येणारा अधिकारी रजिस्टर आणि वस्तू ताडून बघतो. नग बरोबर असले की सही. या व्यवस्थेत समंजस माणूस काय करेल? कुलूपच लावेल. मुलांच्या हातात हॅकसॉ दिला तर पाते तुटणारच, सोल्डरिंग गनचे टोक झिजणारच. झिजणे म्हणजेच शिकणे, आणि आपल्या हिशेबाच्या वहीत झिजेला रकानाच नाही.

दुसरे कारण पैशांच्या वाटेचे. यंत्रखरेदीची निविदा निघते, पुरवठादार असतो, मार्चअखेर निधी खर्च दाखवता येतो, फीत कापून फोटो निघतो. कानशी, पाती, वेल्डिंग रॉड, ऑइल, धार लावून घेणे, कार्बन ब्रश बदलणे, हे बारीकसारीक खर्च कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाहीत. आणि माणसाचा पगार हा तर वर्षानुवर्षांचा बोजा मानला जातो, म्हणून पद भरायचेच टाळतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालांत रुग्णालयांपासून तंत्रशिक्षण संस्थांपर्यंत विनावापर पडून राहिलेल्या यंत्रांचे परिच्छेद पुन्हा पुन्हा येतात. कारणेही ओळखीची असतात: चालवणारा नाही, वीजजोडणी नाही, जागा तयार नाही. यंत्र नसल्यामुळे काम अडले, असे त्या परिच्छेदांत नसते. यंत्र आलेले असते.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. रोज लागणारे हत्यार माणसाच्या मालकीचे असावे. महिन्या-दोन महिन्यांतून लागणारे हत्यार सामायिक असावे. आणि सामायिक हत्यारांसाठी सार्वजनिक पैसा खर्च करताना पहिला रुपया ते सांभाळणाऱ्या कारागिराच्या पगाराला जावा. यंत्राची पाळी त्यानंतर.

यातला पहिला भाग सोडून चालणार नाही. सुताराची पटाशी, रंधा, गुण्या कोणी कोणाला देत नाही, देऊही नये. पटाशीला स्वतःच्या हाताच्या वळणाने धार लावलेली असते, मूठ त्याच्याच तळव्याला सरावलेली असते. लोहाराची सांडशी, गवंड्याची थापी आणि ओळंबा, न्हाव्याचा वस्तरा ही सगळी तशीच. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांच्या कारागिरांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आहे, आणि जो माणूस खरोखर त्या धंद्यात आहे त्याला या रकमेचा उपयोग होतो. पण खेड्यातल्या सुताराचा धंदा आज हातरंध्यावाचून अडलेला नाही. फळ्या एका जाडीच्या काढायला थिकनेस प्लेनर लागतो, वळणे कापायला बँडसॉ लागते, आणि या गोष्टी पंधरा हजारांत येत नाहीत. एकट्याने घेतल्या तर हप्ते फिटत नाहीत, कारण वापर महिन्यातून चार-पाच दिवस. त्यामुळे तयार फर्निचरच्या शोरूमपुढे तो हरतो. त्याच तालुक्यातल्या पंचवीस सुतारांना एक शेड आणि शेडवर एक जाणता माणूस मिळाला तर गणित बदलते.

सामायिक वस्तू आपल्याला जमत नाहीत, असे लगेच म्हटले जाईल. गावाकडे राहिलेल्या कोणालाही हे खरे वाटणार नाही. लग्नाच्या पंगतीची पातेली, कढया, पराती कोणी घरी विकत घेत नाही. देवस्थानाची, तरुण मंडळाची किंवा समाजाची भांडी असतात. एकाकडे किल्ली असते, वही असते, मोजून देतात, मोजून घेतात, चमचा कमी आला तर भरून घेतात. स्लॅब टाकायचा तर सेंट्रिंगच्या प्लेटा, व्हायब्रेटर, मिक्सर भाड्याने येतात. शेतीत २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून शेतीची यंत्रे भाड्याने देणाऱ्या अवजारे बँकांना अनुदान मिळू लागले, कारण पेरणीयंत्र हंगामात आठ-दहा दिवस चालते आणि उरलेले वर्ष गोठ्याशेजारी उभे असते. जिथे या बँका नीट चालल्या तिथे बारकाईने पाहिले तर एक पोरगा सापडतो. तो फोन उचलतो, पाळ्या लावतो, नांगराचे फाळ बदलतो, डिझेलचा हिशेब ठेवतो. जिथे बंद पडल्या तिथे तो पोरगा नाही, फक्त ट्रॅक्टर आहे, आणि तो अध्यक्षांच्या शेतात आहे.

परदेशातले अनुभवही हेच सांगतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रोस पॉइंटच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९४३ मध्ये रोटरी क्लबच्या मदतीने पुस्तकांबरोबर हत्यारेही घरी द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ग्रंथालयाचा हत्यार विभाग १९७९ पासून चालू आहे. ग्रंथालयाचे कार्ड दाखवायचे, करवत किंवा शिडी किंवा पाइपचे पाने घरी न्यायचे, मुदतीत परत आणायचे, उशीर झाला तर दंड. काउंटरपलीकडचा माणूस कोणत्या भिंतीला कोणते बिट लागेल तेही सांगतो. ॲमस्टरडॅममध्ये २००९ ला सुरू झालेले रिपेअर कॅफे, बंगळूरला २०१५ पासून चाललेला तसाच उपक्रम, यांतही लोक एकत्र येतात ते एखाद्या जाणत्याच्या शेजारी बसायला. मशीन हे निमित्त.

आणि इतके लांब कशाला? शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरलेली, शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, बांधकाम, शेती शिकली, आणि शिकताना गावाची खरी कामे केली. कोणाचे फाटक, कोणाचा गोठा, कोणाची टाकी. गिऱ्हाईक समोर उभे असते, काम वाकडे झाले तर तो बोलतो, त्यामुळे हात लवकर बसतो आणि यंत्रही थांबत नाही. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा; अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळसारख्या गावात आली ती याच पायावर. तिथे आधी काम होते, माणसे होती. लेझर कटर नंतर आला. टिंकरिंग लॅबच्या योजनेत हा क्रम उलटा झाला आहे.

आता करायचे काय, ते सांगतो. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. प्रत्येकाकडे शेड आहे, थ्री-फेज वीज आहे, फिटर विभागात व्हाइस लावलेली दणकट टेबले ओळीने उभी आहेत. तिथे येणारा मुलगा सुरुवातीचे कित्येक आठवडे लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानस चालवतो, गुण्या लावून फटीतून उजेड येतो का ते बघतो, पुन्हा कानस चालवतो. शहरातला हौशी माणूस ज्याला मुकला आहे ते हेच आहे. शिफ्ट संपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी या शेड नागरिकांसाठी उघडता येतील. नवी इमारत नको. पहिली दोन-तीन वर्षे तर नवे यंत्रही नको. हवा आहे तो संध्याकाळी पाच ते नऊ आणि रविवारी हजर असणारा पगारी माणूस. पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, नाशिकचे सातपूर-अंबड, कोल्हापूरचे उद्यमनगर, या पट्ट्यांतून निवृत्त झालेले टर्नर, फिटर, पॅटर्नमेकर आपल्या आजूबाजूला राहतात. केसाएवढी चूक बोटाने ओळखणारी ही माणसे आज सोसायटीच्या बाकावर बसून आहेत. त्यांना मानाने आणि पुरेसा पगार देऊन बोलवा. स्वयंसेवेवर सोपवू नका. ज्याला पैसे मिळत नाहीत त्याला आज या असे हक्काने सांगता येत नाही.

घरी नेण्याच्या हत्यारांसाठी वाचनालये आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत मान्यता मिळालेली हजारो वाचनालये गावोगाव आहेत. अनामत, कार्ड, देवघेव, मुदत, दंड ही सगळी शिस्त तिथल्या कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. त्यांना मिळणारे मानधन लाजिरवाणे आहे आणि त्यांच्यावर फुकटात आणखी एक काम लादायला माझा विरोध आहे. अनुदानात हत्यार विभागासाठी वेगळी रक्कम धरून, त्यातला निम्म्याहून जास्त भाग पगाराला बांधून, अ आणि ब वर्गातल्या इच्छुक वाचनालयांपासून सुरुवात करता येईल. एक कपाट, त्यात दोन ड्रिल, एक जिगसॉ, शिडी, पाइपचे पाने, मल्टिमीटर, क्लॅम्प. यातली बरीच हत्यारे विकत घ्यावीही लागणार नाहीत. आवाहन केले तर माळ्यांवरून उतरतील.

यावर तीन आक्षेप येतात. वस्तू मोडतील. मोडू द्या, त्यासाठी वार्षिक झिजेची तरतूद ठेवा आणि ठरावीक रकमेपर्यंतचे निर्लेखन प्रभारी माणसाच्या सहीने होऊ द्या. अपघात होतील. शिकवल्याशिवाय कोणाला यंत्रावर उभे करायचे नाही, चष्म्याशिवाय ग्राइंडरला हात लावायचा नाही, आणि सभासदांचा विमा वर्गणीतच धरायचा. आज बाल्कनीत चप्पल घालून, गार्ड काढलेला ग्राइंडर चालवतात, त्याहून हे शंभर पटींनी सुरक्षित आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: लोक स्वतःच कामे करू लागले तर सुतार-प्लंबरच्या पोटावर पाय येईल. मी यावर बऱ्याच कारागिरांशी बोललो आहे. त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. ज्या गिऱ्हाइकाने एकदा स्वतः चौकट जुळवून पाहिली आहे, तो मजुरीवरून घासाघीस करत नाही. सांध्यात किती वेळ जातो हे त्याला कळलेले असते. हाताने काही न केलेला माणूसच “एवढ्याशा कामाचे इतके?” असे विचारतो. शिवाय अशा शेडमध्ये शिकवणारा कारागीरच असेल, दिवसा स्वतःच्या मोठ्या कामासाठी प्लेनर वापरणाराही तोच असेल. त्याच्या पोटाला धोका आहे तो आयात प्लायच्या स्वस्त कपाटांपासून. असे कपाट एकदा फुगले की दुरुस्त होत नाही आणि रस्त्याकडेला जाते.

येत्या अर्थसंकल्पात कौशल्य विकास विभागाने, एखाद्या महापालिकेने, निदान एका जिल्हा परिषदेने एवढे करून पाहावे: यंत्रखरेदीच्या नियोजित रकमेतला तिसरा हिस्सा बाजूला काढून तीन वर्षांच्या पगाराला आणि साहित्याला बांधावा, आणि वर्षअखेरीस किती नग दिले याऐवजी किती तास चालले याची नोंद सभागृहासमोर ठेवावी. यंत्रावर तासांचा मीटर बसवायला हजार रुपयेही लागत नाहीत.